चार बोटं तार

तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन पक्कडीने मोडून तो दोन भोकांत खुपसणारी माणसं मी आयुष्यभर बघत आलोय. शिकलेली माणसं. भिंतीवर पदव्या टांगलेली माणसं. ती पिन कशासाठी असते, असं विचारलं की हसतात. म्हणतात, जास्तीची असते. जास्तीची! तुमच्या मशीनच्या अंगात वीज उतरली तर तिला तुमच्या अंगातून न जाता जमिनीत जाता यावं म्हणून दिलेली ती वाट असते. वाट बंद केली की वीज दुसरी शोधते. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस तिला चालतो. ती पदवी बघत नाही.

मी वायरमन आहे. सत्तावीस वर्षं झाली. शाळा आठवीत सुटली, पुढचं हातांनी आणि झटक्यांनी शिकलो. कुणाच्याही घरी गेलो की चहा येईपर्यंत मी बोर्डात टेस्टर घालून बघतो, म्हणून नातेवाइकांत माझं नावच टेस्टर पडलंय. लग्नाकार्याला मला कुणी फारसं बोलावत नाही. फ्यूज उडाला की मात्र सगळ्यांना मी सख्खा वाटायला लागतो.

हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. घडलं तसं लिहितोय, आकड्यांसकट.

ताईचा फोन शनिवारी दुपारी आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घरातच लॉन्ड्री चालवते. दोन हॉटेलांच्या आणि एका दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे येतात. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागे पत्र्याच्या शेडमध्ये धुवायचं मोठं मशीन, त्यापुढे अंगण आणि अंगणात वाळत घालायच्या पाच तारा. चार घरं बदलून तिला एवढं अंगण मिळालं होतं.

"तुझी तार चावते रे," ती म्हणाली.

"माझी कसली तार?"

"अरे, वाळत घालायची. ओली चादर टाकली की कोपरापर्यंत मुंग्या येतात. तुझे भाऊजी म्हणतात, वय झालं, संधिवात असेल."

"भाऊजींना सांग, संधिवात चादरीतून येत नाही. आधी मेन बंद कर. कुणी तारेला हात लावू नका."

"आणि चादरी?"

"ताई, मेन बंद कर."

"बरं बाबा. ओरडू नकोस."

रविवारी सकाळी नऊला मी तिच्या दारात होतो. अंगणाला तीन बाजूंनी भिंत. शेड चार लोखंडी पाइपांवर उभी. लोखंडी तारा शेडच्या पाइपाला बांधून समोरच्या भिंतीतल्या हुकांपर्यंत ताणलेल्या. हे सगळीकडे असंच असतं आणि सगळीकडे चूक असतं. कपडे वाळत घालायला लोखंडी तार वापरू नये, वापरलीच तर पत्र्याच्या शेडला आणि विजेच्या खांबाला कधीही बांधू नये. हे मी ताईला ती राहायला आली तेव्हाच सांगितलं होतं. तिने "हो हो" म्हटलं होतं.

मेन चालू करून मीटर लावलं. तारेवर एकसष्ट व्होल्ट. मशीनचा पत्रा शेडच्या पाइपाला टेकला होता. म्हणजे मशीनमधून पाइपात, पाइपातून तारेत, तारेतून ओल्या चादरीत आणि चादरीतून ताईत. इथवर सरळ होतं. प्रश्न एवढाच, की मशीनच्या अंगात आलेली वीज जमिनीत का जात नव्हती. मेन पाडली आणि मशीनचा बोर्ड उघडला.

तिसऱ्या, जाड पिनेच्या भोकाचा स्क्रू आणि न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत जाते त्या तारेचा स्क्रू एका तुकड्याने जोडलेले होते. चार बोटं लांबीची तार.

आमच्या धंद्यातली ही सगळ्यात स्वस्त हरामखोरी. घराला अर्थिंग नसलं की खड्डा खणायचा, सळई गाडायची, कोळसा-मीठ भरायचं, तिथून हिरवी तार बोर्डापर्यंत आणायची. दिवसाचं काम. त्याऐवजी न्यूट्रलचाच एक तुकडा तिसऱ्या भोकाला जोडून द्यायचा. तपासनीस येतो, टेस्ट-लॅम्प लावतो, दिवा पेटतो, तो सही करून जातो. पुढे कधी तरी न्यूट्रल सैल होतो, आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येक मशीनच्या पत्र्यात वीज येऊन बसते. अनेक वर्षांनी येते. तोवर जोडणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. इथेही मीटरपाशी न्यूट्रल सैल निघाला. मी आवळला.

"ज्याने हे केलंय ना," मी म्हणालो, "त्याचे हात पक्कडीने पिरगाळले पाहिजेत." आणि पुढे बरंच काही म्हणालो.

"शिव्या जरा हळू दे," ताई म्हणाली. "आजूबाजूला माणसं राहतात."

भाऊजी दारात चहाचा कप घेऊन उभे होते. "हात पिरगाळायचे तर आधी ते कुणाचे हे शोधा, टेस्टरसाहेब."

मी तुकडा सोडवून हातात घेतला, आणि गप्प झालो.

गप्प होण्याचं पहिलं कारण असं. गेल्या वर्षी ताई इथे आली तेव्हा हाच बोर्ड मी स्वतः उघडून बघितला होता. भिंतीतून हिरवी तार आली होती, चोख अर्थिंग होतं. ती हिरवी तार आताही होती. तिचं टोक कुणी तरी स्क्रूतून सोडवून नीट एका बाजूला वाकवून ठेवलं होतं.

दुसरं कारण, तुकडा पिवळा होता आणि त्यावर काळी रेघ होती. अशी तार बाजारात मिळत नाही. मी शिकत होतो तेव्हा एका बंद पडलेल्या कारखान्यातून आमच्या ठेकेदाराने तिचं एक भेंडोळं उचलून आणलं होतं. ते कधीच संपलं.

तिसरं. स्क्रू उजवीकडे आवळतो, म्हणून तारेचा फासाही उजवीकडे वळवायचा, म्हणजे आवळताना तो घट्ट होतो. मी डावरा आहे. माझा फासा डावीकडे वळतो. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी यासाठी माझ्या बोटांवर किती वेळा पक्कड मारली असेल, मोजदाद नाही. या तुकड्याचे दोन्ही फासे डावीकडे वळलेले होते.

चौथं कारण मला तेव्हा स्वतःशीही नीट म्हणता आलं नाही. तारेचं वरचं प्लास्टिक मी तरुणपणी दातांनी सोलायचो. शिडीवरून पडून माझा वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता. त्यामुळे सोलताना मधे एक चिंचोळी पट्टी राहायची, जिभेसारखी लोंबणारी. या तुकड्याच्या दोन्ही टोकांना ती जीभ होती.

तो दात मी अकरा वर्षांपूर्वी काढून टाकला. ताई भाड्याने राहते ते घर बांधूनच सहा वर्षं झालीत.

"काय रे, सापडला का चोर?" ताईने विचारलं.

"कुणी तरी अडाणी," मी म्हणालो, आणि तुकडा खिशात टाकला.

हिरवी तार जागेवर जोडली. अर्थिंगचा खड्डा तपासला, उत्तम होता. मेनजवळ गळती पकडणारी डबी बसवली. वीज थोडी जरी भलतीकडे गेली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत ही डबी मेन पाडते. ज्या घरात लहान मुलं आहेत, ओलं काम आहे, तिथे ती नसणं म्हणजे गुन्हा आहे असं मी मानतो. बोर्ड बंद केला. ताईकडे चादरींवर खुणा करायची काळी शाई असते, उकळत्या पाण्यातही न जाणारी. त्या शाईने बोर्डाच्या चारही स्क्रूंवरून एकेक रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर, अर्धी बोर्डावर. कुणी स्क्रू जराही फिरवला तर रेघ तुटणार.

"आता बोर्डपण धुवायला टाकायचा का?" भाऊजी म्हणाले.

ताई हसली. मीही हसलो.

घरी येऊन तुकडा एका पत्र्याच्या डबीत ठेवला.

पुढच्या रविवारी जेवणाच्या वेळेला फोन. "येऊन जा रे. आता मशीनच चावतंय."

रेघा चारही अखंड होत्या. मी भिंग लावून बघितल्या. मशीनच्या पत्र्यावर एकशे बारा व्होल्ट. गळतीच्या डबीचं बटण दाबलं, डबी फाटकन पडली. म्हणजे डबी चांगली होती. मग ती आपणहून का पडली नव्हती? कायद्याने ती पडायलाच हवी होती. विजेचा कायदा म्हणतोय मी, तो कुणाला पान खिलवून वाकत नाही.

बोर्ड उघडला. हिरवी तार नीट बाजूला वाकवलेली. तिसऱ्या भोकात पिवळा तुकडा, काळी रेघ.

त्या दिवशी मी हिरवी तार पुन्हा जोडली, शाईच्या नव्या रेघा ओढल्या, लोखंडी तारा उपटून नायलॉनची दोरी बांधली, मशीन पाइपापासून हातभर लांब सरकवलं आणि खाली रबर घातलं. घरी जाऊन तुकड्याची पत्र्याची डबी उघडली. पहिला तुकडा तिथेच होता. दुसरा त्याच्या शेजारी ठेवला. लांबी तीच. जिभा त्याच. पहिल्यावर चुन्याचा एक ठिपका होता, काळ्या रेघेला चाटून. दुसऱ्यावर तो त्याच जागी होता.

सोमवारी मी ताईच्या घरमालकाकडे गेलो. दोन गल्ल्या सोडून राहतो. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला, बोलताना समोरच्यालाही डोळ्यांनी मोजणारा माणूस.

"बोर्ड कुणी उघडला होता का?"

"अहो, मी बल्ब बदलायलासुद्धा तुमच्या ताईंना हाक मारतो," तो म्हणाला. "मला विजेची भीती वाटते."

"वाटायलाच हवी."

"पण तुम्ही होतात की परवा."

"परवा? मी रविवारी होतो."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "असेल. मी लांबून बघितलं. शेडमध्ये पाठमोरा कुणी तरी होता, दाताने काही तरी सोलत. मला वाटलं तुम्हीच."

म्हाताऱ्याचे डोळे अधू असतील, असं रस्त्याभर स्वतःला सांगत आलो. जाड भिंगाचा चष्मा होता त्याला.

मग बुधवार. सकाळचे अकरा. या वेळी भाऊजींचा फोन होता. आवाज बसलेला.

शेडमधल्या नळाला त्यांनी हात लावला आणि हात सुटेना. नळ नुसता पाण्याचा. त्याचा मशीनशी संबंध फक्त एका प्लास्टिकच्या नळीचा. त्यांना ओरडताही येत नव्हतं, नुसते दात वाजत होते. ताई आतून आली. असं कुणी चिकटलेलं दिसलं की माणूस धावून त्याला मिठी मारतो, आणि मग दोघंही जातात. ताईने ते केलं नाही. शिंकाळ्यासारख्या लोंबणाऱ्या चादरी वर उचलायला तिच्याकडे एक कोरडी बांबूची काठी असते. तिने ती घेतली आणि भाऊजींच्या मनगटावर जोरात हाणली. ते मागे पडले. मग मेन.

मी पोचलो तेव्हा भाऊजी खुर्चीत बसले होते. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"तीस वर्षांचा राग काढला तुझ्या बहिणीने," ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

मेन चालू करून नळावर मीटर लावलं. एकशे अडुसष्ट.

शाईच्या रेघा अखंड. आत पिवळा तुकडा. तिसरा.

एकसष्ट, एकशे बारा, एकशे अडुसष्ट. पुढचा आकडा सांगायला वायरमन लागत नाही. घरात येणारी सगळी वीज दोनशे तीस. त्यानंतर काठी हातात घ्यायलाही वेळ मिळत नाही.

"ताई, हे घर सोड."

"आणि कुठे जाऊ? मला अंगण लागतं. दवाखान्याच्या सत्तर चादरी ओल्या पडल्यात."

"चादरींचं काय घेऊन बसलीस? भाऊजी गेले असते आज!"

"माझ्यावर ओरडून बोर्ड नीट होतो का?" ती म्हणाली. "तुझं काम आहे ना हे? सगळ्या जगाला शिकवत असतोस. मग कर ना नीट!"

ती कधीच असं बोलत नाही. भीती वाटली की आमच्या घरातली माणसं भांडतात.

मी मेनचे फ्यूज काढून खिशात घातले. "जोवर मी आणत नाही तोवर घरात वीज नाही. नळालासुद्धा काठीशिवाय शिवू नका."

"कधी आणशील?"

"उद्या," मी म्हणालो.

"उद्या नक्की?" ताईने विचारलं.

तोंडात जीभ आपोआप काढलेल्या दाताच्या रिकाम्या जागेवर गेली. हे दोन शब्द, याच क्रमाने, मला एकदा कुणी तरी विचारले होते.

एकोणीस वर्षांपूर्वी. एका छापखान्याच्या गोदामामागे एक खोली होती, तिथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या. एकट्या. त्यांनी तीन पिनांची इस्त्री घेतली होती. अर्थिंग नव्हतं. दुसऱ्या दिवशी तपासनीस येणार होता. ठेकेदार म्हणाला, तुकडा जोडून टाक, खड्डा उद्या मारू. मी जोडला. पिवळा, काळ्या रेघेचा, चार बोटं. निघताना मलाच राहवलं नाही. मी म्हणालो, बाई, उद्या येऊन पक्कं करतो, तोवर हात कोरडे ठेवा, लाकडावर उभं राहून इस्त्री करा.

त्या म्हणाल्या, उद्या नक्की?

मी म्हणालो, नक्की.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने दुसऱ्या कामावर पाठवलं. तिसऱ्या दिवशी मला लाज वाटली. मग वर्षं गेली. एकदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो आणि लांबचा रस्ता धरून घरी आलो. बाईंचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. न विचारण्यात माझा स्वार्थ होता. जगाला शिव्या घालणाऱ्याने एवढं तरी कबूल केलं पाहिजे. सत्तावीस वर्षांत हे असं मी एकदाच केलं. एकदाच.

गुरुवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन तिथे गेलो. गोदाम तसंच होतं, छापखाना बंद झालेला. खोलीचं दार उघडं होतं. आत येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात कापडाचा बारीक धुरळा तरंगत होता. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरली की येतो तो वास. टेबलामागे बाई उभ्या होत्या. केस पांढरे, पाठ वाकलेली. इस्त्री उचलायच्या आधी त्यांनी दोन्ही हात एका फडक्याला पुसले, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश.

मी काही बोलायच्या आत त्यांनी मान वर केली.

"आलात?"

"ओळखलंत मला?"

"दात गेला वाटतं तुमचा."

मी होय म्हणालो.

"उद्या म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. घड्याळ बघून वेळ सांगावी तसं. "म्हटलं, येतील. तोवर उतरायचं नाही."

तेव्हा मी खाली बघितलं. त्या एका जाड फळीवर उभ्या होत्या. बोलताना त्या फळीवरून हलल्या नाहीत.

"एकोणीस वर्षं?"

"एवढी झाली का?"

मी मेन पाडून बोर्ड उघडला. तुकडा नव्हता. कुणी काढून टाकला असता तर स्क्रूवर धूळ असती, गंज असता. दोन्ही स्क्रूंचं पितळ चकचकीत होतं, आताच कुणी तरी सोडवल्यासारखं. तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं.

"बोर्ड कुणी उघडला होता का?"

"तुमच्याशिवाय कोण उघडणार?"

माझ्याकडे सळई नव्हती, कोळसा नव्हता. तोंडातून तो शब्द निघणारच होता. मी तो गिळला. हत्यारांची पिशवी त्यांच्या टेबलाखाली ठेवली.

"ही इथे राहू दे," मी म्हणालो. "वायरमन हत्यारं सोडून पळत नाही. तासाभरात आलो."

पन्नास मिनिटांत आलो. खोलीमागच्या मोकळ्या जागेत छातीएवढा खड्डा खणला, तळात पूर्ण लांबीची सळई ठोकली, थरावर थर कोळसा-मीठ भरलं, पाणी ओतलं. हिरवी तार खिडकीच्या चौकटीतून आत घेतली. फासा उजवीकडे वळवला. चार वाजता मीटर लावलं. शून्य.

"झालं बाई. आता उतरा. काही होत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाला धरून आधी एक पाय खाली ठेवला, बराच वेळ तसाच. मग दुसरा.

"गार असते की जमीन," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी फळी माझ्या हातात दिली. "न्या ही. मला नको आता."

नको म्हणता आलं नाही. फळीत दोन खळगे होते. पावलांचे. टाचेशी खोल, बोटांशी उथळ, लाकूड तिथे आरशासारखं गुळगुळीत झालेलं.

त्याच संध्याकाळी ताईकडे फ्यूज घातले. बोर्ड उघडला. हिरवी तार जागेवर होती. मी ती लावली नव्हती. बुधवारी तुकडा काढून मी तसाच निघालो होतो. मीटरवर शून्य. नळ शून्य. मशीन शून्य. शाईच्या नव्या रेघा ओढल्या.

"काय केलंस रे?" ताईने विचारलं.

"राहिलेलं एक काम होतं."

फळी शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली. कुठे ठेवावी हे कळत नव्हतं, म्हणून. तिच्याबद्दल मी कुणाला काही सांगितलं नाही. बाईंबद्दलही नाही.

एक आठवडा शून्य. दुसरा आठवडा शून्य. भाऊजींच्या मनगटाची सूज उतरली. ताईने साचलेल्या सगळ्या चादरी संपवल्या. मला झोप लागायला लागली.

तिसऱ्या रविवारी मी नुसता चहाला गेलो होतो. ऊन चांगलं होतं. अंगणातल्या दोऱ्यांवर चादरी ताणलेल्या, त्यांच्यामागून ताईचं गुणगुणणं ऐकू येत होतं. भाऊजी म्हणाले, "चहा होईपर्यंत टेस्टर घालून या एकदा. नाही तर तुम्हाला पचायचा नाही."

मी शेडमध्ये गेलो. मीटर लावलं.

एकसष्ट.

मेन पाडली. शाईच्या रेघा अखंड होत्या. स्क्रू सोडवले. हिरवी तार नीट बाजूला वाकवलेली होती. तिसऱ्या भोकात तुकडा होता. चार बोटं. दोन्ही टोकांना जीभ. फासे डावीकडे.

पण तो पिवळा नव्हता.

तो लाल होता.

मी बोर्डासमोर उभा राहिलो. लाल तार. कुठलं घर? लाल तार मी वर्षानुवर्षं वापरली. शेकडो घरांत. एकदाच, असं मी वर लिहिलंय. लिहिताना मला ते खरं वाटत होतं.

"काय रे, झालं का?" शेडच्या दुसऱ्या टोकाकडून ताईचा आवाज आला. "उतरू का मी?"

मी वळलो. ती नळापाशी फळीवर उभी होती, ओल्या चादरीचा पिळा हातात घेऊन. अनवाणी. तिची पावलं त्या दोन खळग्यांत अगदी नेमकी बसली होती.

"उतरू नकोस," मी म्हणालो.